बुक्काच्या डोळ्यांतले हिरवे दिवे

चंद्राच्या जमिनीखाली वसलेल्या सोमवाडीत त्या दुपारी अकरा वर्षांची गौतमी साळवे अगदी रडकुंडीला आली होती. तिचा बोका बुक्का काळाकुळकुळीत, डोळे मात्र मधासारखे पिवळे. पण फोटो काढला, की त्या डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे पेटलेले दिसत!

एरवी ती हसली असती. पण आईची इथली नोकरी संपली होती आणि पृथ्वीकडे जाणारं यान पाच वाजता सुटणार होतं. पृथ्वीवरच्या प्राणी-तपासणी केंद्राला बुक्काच्या डोळ्यांचा स्वच्छ फोटो हवा होता, त्याशिवाय परवाना नाही. पाठवलेले दोन्ही फोटो परत आले होते. शेरा एकच, ‘डोळे दिसत नाहीत.’ पुढचं यान थेट आठ महिन्यांनी. त्यात वीज देणाऱ्या सौरपट्ट्यांची दुरुस्ती चालू असल्याने वस्तीतले दिवे मंद केलेले, त्यामुळे फ्लॅशवाचून इलाज नव्हता. आणि तिसऱ्या फ्लॅशला बुक्का दचकून जो उडाला, तो थेट कपाटावर जाऊन बसला.

“आई, त्याच्या डोळ्यांना काही झालं नाही ना गं?” गौतमीने घाबरून विचारलं.

आईने शेजारच्या शकीलाआजींना बोलावून आणलं. त्या वस्तीच्या भाजीमळ्यातल्या शास्त्रज्ञ. कुठल्या रोपाला किती उजेड द्यायचा, हे त्या ठरवत. परवाना मिळाला नाही, तर बुक्का त्यांच्याकडेच राहणार होता.

आजींनी फोटो पाहिला आणि मान हलवली. “आजारबिजार काही नाही, बेटा. मांजराच्या दृष्टिपटलामागे (डोळ्यातल्या, उजेड टिपणाऱ्या पडद्यामागे) आरशासारखा चकचकीत थर असतो. निसटलेला उजेड तो पुन्हा पडद्यावर फेकतो, म्हणून मांजराला अंधुक उजेडातही दिसतं. आता सांग, तुझा फ्लॅश कुठे आहे?”

“भिंगाच्या अगदी शेजारी.”

“म्हणजे उजेड सरळ डोळ्यात शिरतो आणि आला त्याच वाटेने परत फिरतो. त्या वाटेवर कोण उभं आहे?”

“कॅमेरा!” गौतमीला एकदम हायसं वाटलं. बुक्काचे डोळे धडधाकट होते. “पण मग फोटो कसा काढायचा?”

आजींनी फ्लॅशचं डोकं वळवून छताकडे केलं. “उजेडाला आधी वर धाडू. छतावर आदळून तो खाली येईल. याला परावर्तन म्हणतात (प्रकाशाचं आदळून परत फिरणं). एवढासा झोत छतभर पसरला, की छतच मोठा दिवा होतं. सावल्या मऊ पडतात, डोळ्यांवर झोत येत नाही, त्यामुळे बुक्काही दचकणार नाही.”

“आणि डोळ्यातून परत फिरलेला उजेड छताकडेच जाईल, कॅमेऱ्यात नाही!”

गौतमीने कपाटावरच्या बुक्काचा फोटो घेतला. पण तो पार काळोखा आला.

“लांबची वाट, त्यात पसरणं. उजेड कमी पोचला. फ्लॅशचा जोर वाढव,” आजी म्हणाल्या.

पुढच्या फोटोत डोळे उमटले, पण सगळा बुक्काच विटकरी! गौतमीने वर पाहिलं. खोलीचं छत गेरूच्या रंगाचं होतं.

“छताने बाकीचे रंग गिळले आणि तांबडा तेवढा परत पाठवला,” आजी म्हणाल्या.

घड्याळात साडेतीन वाजले होते. गौतमी नखं कुरतडू लागली. मग एकदम ओरडली, “पांढरं काहीतरी हवं! पांढरं सगळेच रंग परत पाठवतं ना?”

आईने बांधलेली पेटी उघडली, कपडे भराभर बाहेर काढले आणि तळातली पांढरी चादर ओढली. ती आणि आजी दोन स्टुलांवर चढल्या. चादर छतासारखी ताणून त्यांनी डोक्यावर धरली. “ये रे बुक्कोबा,” आजींनी लाडाने हाक मारली, तसा बुक्का अलगद खाली उतरला. गौतमी त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, जमिनीवर पालथी झाली.

क्लिक!

बुक्काने नुसती मिशी हलवली. फोटोत त्याचे डोळे मधासारखे पिवळे होते, मधली काळी बाहुलीसुद्धा स्पष्ट.

नऊ मिनिटांनी उत्तर आलं. ‘डोळे निरोगी. परवाना मंजूर.’ आई मटकन पेटीवर बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. आजी बुक्काला कुरवाळत राहिल्या.

“आजी, तुम्हाला तो हवा होता ना?”

“हवा होता. पण रोज दाराशी तुझी वाट बघत बसणारा नको होता.” त्यांनी बुक्काला गौतमीच्या हातात दिलं. “जा आता, उशीर होईल.”

यान वेळेवर सुटलं. प्रवासात केंद्राचा निरोप आला, ‘हा फोटो कसा काढला? दुसऱ्या वस्त्यांतले अकरा प्राणी याच कारणाने अडकलेत.’ गौतमीने सगळं सविस्तर लिहून पाठवलं. पहिलं वाक्य होतं, ‘आधी प्राण्याला घाबरवू नका.’ केंद्राने ते सगळ्या वस्त्यांना धाडलं.

दुसऱ्या दिवशी मंगळावरच्या एका मुलीने आपल्या कुत्रीचा फोटो गौतमीला पाठवला. तपकिरी डोळे लख्ख दिसत होते. त्यांच्याकडे चादर नव्हती, म्हणून बाबांनी स्वतःचा पांढरा सदरा ताणून धरला होता. फोटोच्या कोपऱ्यात त्याची एक बाही लोंबत होती, आणि त्या बाहीकडे बघून कुत्री शेपूट हलवत होती.