थंडीला दिलेलं आवतण

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. ओरिना माझी सख्खी वहिनी, आणि ती खोटं बोलत नाही.

नाताळची आदली संध्याकाळ होती. कॅनडातल्या माळरानावरचं आमचं गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च आणि धान्याचं कोठार. पलीकडे नुसता बर्फ.

वहिनी नुकतीच युक्रेनहून आली होती, चार वर्षांच्या मेलान्याला घेऊन. भाऊ लांब तेलविहिरीवर कामाला, त्याला रजा मिळाली नव्हती. घरात तिसरी आमची तेक्लाआजी. नव्वदी उलटलेली, पण जिभेची धार तशीच.

ओरिनाने टेबलावर चौथं ताट मांडलं. गेलेल्या माणसांसाठी या रात्री एक जागा ठेवतात, आणि तिचे वडील त्याच वर्षी गेले होते.

"उचल ते," आजी म्हणाली. "या गावात जादाचं ताट मांडत नाहीत."

"का हो, आजी?"

"चर्चसमोरच्या दगडावर सात घराण्यांची नावं आहेत ना, गाव वसवणाऱ्यांची? गाड्या आठ होत्या. आठवी मागे राहिली, ती याच संध्याकाळी पोचली. त्यांच्या पोरीला घटसर्प झालेला, घसा सुजलेला. सातही दारं ठोठावली त्यांनी. एकानंही कडी काढली नाही."

"अहो, लहान लेकरू होतं ते!"

"मग आमच्या घरातली लेकरं काय दगडधोंडे होती? सकाळी सगळी गोठलेली सापडली. पोरगी याच उंबऱ्यावर." आजी चक्क हसली. "माझ्या आजोबांनी कडी लावली म्हणून मी आहे, अन् म्हणून तुला हे घर मिळालं, सूनबाई. उगाच पुळका नको."

ओरिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ताट उचललं नाही. खिरीचं पातेलं उतरवायला ती चुलीकडे वळली.

तेवढ्यात मेलान्याला पहिली चांदणी दिसली. ती दार उघडून पायरीवर गेली आणि तिकडे तिचे आजोबा मारायचे तशीच हाक मारली...

"थंडीबाबा, थंडीबाबा, या आमच्याकडे खीर खायला!"

थंडी जेवून गेली की पुढे पिकं जाळत नाही, अशी आमच्या युक्रेनी लोकांतली समजूत. पण या गावात ही हाक कुणीच मारत नाही.

आजी उठली. दार लावलं. कडी घातली.

"आजी! पोरगी बाहेर आहे!"

"तिनंच बोलावलंय त्या गोठलेल्यांना. आता भोगू दे." आजी दाराला पाठ लावून उभी राहिली.

बाहेर मेलान्याचा आवाज नव्हता. वाराही थांबला होता.

मग रस्त्याच्या पार टोकाला...

ठक. ठक.

कुणीतरी दार वाजवत होतं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्याही अलीकडचं.

कुणीच उघडत नव्हतं.

मग या घराचं दार. अगदी खालून. लहान हात पोचेल तिथून.

"आई, उघड ना."

ओरिनाने आजीला ढकलून दार उघडलं. मेलान्या आत आली, बर्फाने माखलेली. ओरिनाने तिला छातीशी धरलं आणि स्वतःच्या हाताने कडी लावली.

पोरगी सरळ चौथ्या ताटापुढे जाऊन बसली.

या रात्री खुर्चीवर फुंकर मारूनच बसायचं असतं, न जाणो गेलेल्यांपैकी कुणी आधीच बसलेलं असेल. मेलान्या दिवसभर तोच खेळ खेळत होती.

आता तिने फुंकर मारली नाही...

दोन्ही हातांनी खीर खाऊ लागली.

"मेलान्या, तुझी खुर्ची ही ना?"

ती खातच राहिली.

आणि मग...

ठक. ठक.

अगदी खालून.

"आई, उघड ना. मला थंडी वाजतेय."

ओरिनाने कडी धरली. टेबलापाशी बसलेलीने मान वर केली.

"नको उघडू, आई," ती त्याच आवाजात म्हणाली. "तिचा घसा सुजलाय."

ओरिनाचा हात कडीवरच राहिला.

ठकठक बराच वेळ चालली. मग हळू झाली. मग थांबली.

सकाळी पायरीवर कुणीच नव्हतं. पावलंसुद्धा नव्हती.

मेलान्या आता शाळेत जाते. धडधाकट आहे. कडाक्याच्या थंडीतही तिला हातमोजे लागत नाहीत. ओरिना तिची वेणी घालते, डबा भरते. कुशीत घेत नाही.

दर नाताळला ती कडी काढून दारापाशी बसते. अजून पुन्हा कुणी आलेलं नाही.

एकदा मी विचारलंच, "वहिनी, तेव्हा का नाही उघडलंस?"

"आत लेकरू होतं ना, भाऊजी," ती म्हणाली. "त्याला लागण झाली असती."

मागे मेलान्या खीर खात होती, चौथ्या खुर्चीवर बसून. मी निरोप न घेताच निघालो.