बाराजणांचं टेबल

शर्वरी, तो दिवा राहू दे तसाच. ईशान, तूही मोबाईल ठेव जरा. ही गोष्ट आमच्या रायस्वाइकच्या गुरुनाथची. माणूस थापा मारणारा नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

दोन हजार चोवीस, नोव्हेंबरची चौदा, गुरुवार. त्याची लेक सानिका वाखनिंगनला शिकते. तिला डिंकाचे लाडू आणि जाड रजई पोचवून गुरुनाथ परत निघाला. हायवे कामासाठी बंद होता, म्हणून नॅव्हिगेशननं त्याला नदीच्या बांधावरच्या रस्त्याला घातलं. आठ वर्षं त्यानं हाच रस्ता टाळला होता.

कारण तिथं विल्माबाई नावाच्या एका डच बाईंचा पब होता, त्यांच्या आजोबांनी काढलेला. एकेकाळी नावाडी, शेतकरी, लग्नाची वऱ्हाडंसुद्धा तिथं टेकायची. मग हायवे झाला, गावातली पोरं शहरात गेली, आणि बाई फक्त शनिवारी दार उघडायला लागल्या. एकदा आपल्या मराठी मंडळाची सायकल सहल तिथं पावसात अडकली, गुरुनाथही होता. बाईंनी सगळ्यांना आत घेतलं, अंग पुसायला पंचे दिले, चहा पाजला. गुरुनाथ भारावला. निघताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी बाराजण जेवायलाच येतो."

आपण नाही का, "एकदा निवांत येतो हं" म्हणतो? तसंच. आपल्यात कुणी ते धरून बसत नाही. बाईंनी मात्र डायरी काढली, त्याचा नंबर घेतला आणि लिहिलं : सहा वाजता, बाराजण, मांस नको.

त्या शनिवारी ही मंडळी अ‍ॅमस्टेलव्हीनला एका वाढदिवसाला. सव्वासहाला बाईंचा फोन आला. गुरुनाथनं पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला. असं तीनदा. पुढं कळलं, बाई टेबल मांडून रात्री अकरापर्यंत बसल्या होत्या. त्यानंतर पब उघडलाच नाही, आणि वसंतात बाईही वारल्या. लाजेनं मेल्यासारखं झालं रे त्याला, पण माफी मागायला गेला नाही तो नाहीच.

तर त्या गुरुवारी, सात चाळीसला, पब दिसला. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. फटींतून उजेड.

त्यानं गाडी थांबवली. दाराशी गेला. दाराला कुलूप होतं. आत कुणीतरी ताटल्या मांडत होतं... एक... मग एक... सावकाश.

"बाई, चुकलं माझं," तो मराठीतच म्हणाला. "फोन बघितला होता मी."

आवाज थांबला.

...

मग खुर्ची सरकली. एकच.

गुरुनाथ मान खाली घालून उभा राहिला. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. उजेड गेला. तो गाडीत बसला तो थेट घरी.

दार बायकोनं, मंजूषानं उघडलं. ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

"अरे, हे काय बांधलंयस?"

पांढरा रुमाल. कडक इस्त्रीचा. जेवताना लहान मुलाला बांधतात, तसा. गाठ मानेमागं... घट्ट. त्याला सुटेना. शेवटी मंजूषानं कात्रीनं कापली.

रुमालावर अजून एकही डाग पडला नव्हता.