डाव्या इंडिकेटरमधलं कोमट

खोटं वाटत असंल तर हसनाबादला या. गाडी दाजींच्या दारात उभी हाये. मी मात्र तिच्या मागच्या बाजूला येणार न्हाई.

मागच्या दिवाळीतली गोष्ट. तृप्तीताई, माझी बहीण, बाळंतपणाला सासरीच थांबल्ती, कारण हसनाबादहून जालन्याचा दवाखाना जवळ. मी तीर्थपुरीहून मदतीला आल्तो. दवाखान्यात न्यायला हाताशी असावी म्हणून आदिनाथदाजींनी जुनी गाडी घेतली. घेतल्या घेतल्या त्यांना हौस सुटली, इंडिकेटरला एलईडी बल्ब बसवायची.

दिवस मावळताना राजूरला गेलो. अतिक तिथं गाड्यांचं वायरिंग करतो.

बल्ब बसले. दाजींनी इंडिकेटर लावला आणि... टिकटिकटिकटिक.

अतिक म्हणाला, काई न्हाई, एलईडी करंट कमी खातो, गाडीला वाटतं आत बल्बच न्हाई, म्हणून घाई करती. त्यानं दोन्ही बाजूंना रजिस्टन्स लावला, म्हंजे करंट खाणारा एक तुकडा. उजवी बाजू बराबर झाली.

डावी न्हाई.

वायर तपासली. रजिस्टन्स बदलला. डावी आपली टिकटिकटिकटिक. शेवटी वैतागून त्यानं मागचा डावा बल्ब आन् रजिस्टन्स, दोन्ही काढले. आता तर ती जास्तच पिसाळायला पाहिजे होती.

पण आवाज संथ झाला.

टिक... टिक... टिक...

बल्ब अतिकच्या हातात. मंग आत करंट खाऊन कोण राह्यलं?

मी मोबाईलचा उजेड धरला. आतून वास आला. मेलेलं कुत्रं पावसात भिजल्यावर येतो तसा, वरून जळक्या केसांचा. उंदीर मेला असंल म्हणून मी बल्बच्या भोकात बोट घातलं.

मऊ लागलं. ओलं. कोमट.

आणि त्यानं... माझं बोट चोखलं.

मी हात ओढला. बोटाला चिकट पाणी आन् बारीक मऊ केस लागले होते. मी तिथंच नालीवर ओकलो. साबण झाला, राख झाली, डिझेलनं बी हात धुतला. तरी दोन दिवस त्या हातानं घास तोंडात घालवला न्हाई.

अतिकनं बल्ब परत बसवला न्हाई. हळूच एवढंच म्हणाला, "दाजी, ताई को इसमें मत बिठाओ."

दाजी हसले. "बराबर चालून राह्यलं ना? मंग कशाला हात लावायचा?"

आमच्याकडं हे असंच. चालतंय तवर चालू द्यायचं. बल्ब न लावताच त्यांनी लाईट दाबून बसवला. मला त्यांची बी किळस आली.

ताईला भर दुपारी कळा लागल्या. दुसरी गाडी मिळाली न्हाई. ती मागं डावीकडं टेकून बसली. डावं वळण आलं की संथ टिक... टिक... यायची, आन् ताई कण्हायची थांबायची. गप्प ऐकत राह्यची.

मुलगा झाला. दोघं सुखरूप. दाजींनी पेढे वाटले.

घरी न्यायला निघालो. दवाखान्याच्या फाटकातून दाजींनी गाडी डावीकडं घेतली.

टिकटिकटिकटिक...

मी गाडी थांबवायला लावली, उतरलो, लाईट काढून आत पाह्यलं. कोरडं ठणठणीत. वास न्हाई, केस न्हाई, काईच न्हाई.

परत आत बसायला दार उघडलं. ताई लेकराला पदराखाली घेऊन बसल्ती.

वास तिथून आला...

घरात सगळे त्याचे मुके घेतात. शेजारच्या गोजरबाई म्हणतात, लेकराचा वास किती गोड. मला उमासे येतात. सख्ख्या भाच्याची शिसारी येते, हे सांगू कुणाला? लोक मलाच चपलेनं मारतील.

परवा ताई म्हणाली, "कल्याण, तू याला एकदा बी घेतलं न्हाई रे."

मी म्हणालो, सर्दी हाये.

तिचे डोळे भरले.

आता जावळ काढायचं ठरलंय, राजूरच्या गणपतीला. आमच्यात जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात. ताईला भाऊ मी एकलाच हाये.