नववा बिल्ला

रस्त्यावर पट्टे मारणारा रंगारी भरदुपारी धाप लागून गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या टोळीने छातीवर लावलेल्या बिल्ल्यांचं खोकं प्रयोगशाळेतल्या बाईंच्या टेबलावर आलं. बिल्ल्यातल्या कागदाचा निळा रंग हवेतल्या ओझोनने उडतो. जितका उडालेला, तितका ओझोन त्या माणसाच्या छातीत गेलेला. सात जणांचे कागद फिकुटले होते. रंगाऱ्याचा मात्र निळाशार.

मुकादमाचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरांनी दुपारी बाहेर काम करू नको म्हटलं, म्हणून रंगारी आठवडाभर कामावरच्या केबिनमध्येच बसून होता. मेला तो दम्याने, बायकोने पंप द्यायला हयगय केली. हे त्याने गावभर केलं होतं. ती बिचारी आत्ताही दाराशी खाली मान घालून उभी होती.

मुकादम बाईंच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपत होता, पण खुपणं म्हणजे काही पुरावा नव्हे.

"केबिनला खिडकी आहे?"

"आहे की. दिवसभर उघडी असते."

"बिल्ला छातीवरच होता?"

"मी स्वतः लावायचो, रोज सकाळी."

बाईंनी खोक्यात उरलेलं बंद पाकीट उचललं. "आणि हा नववा?"

"तो जादाचा. आला तसा ठेवलाय, हातसुद्धा लावला नाही."

बाईंनी पाकीट फाडलं. आतला कागद पांढराफटक होता. बिल्ल्याच्या चिमट्यावर रस्त्याच्या पिवळ्या रंगाचा थेंब वाळला होता.

"हा जादाचा नसतो, मुकादम. तुलनेसाठी मुद्दाम बंद ठेवतात. बंद पाकिटात कागदाचा रंग उडत नाही, आणि उघड्या खिडकीशी आठवडाभर इतका निळा राहत नाही. तुम्ही नंबराच्या चिठ्ठ्या बदलल्यात. कोरा बिल्ला त्याच्या नावावर घातलात आणि त्याचा या पाकिटात चिकटवलात. तो आठवडाभर रस्त्यावरच होता."

मुकादमाने घाम पुसला. माणसं कमी होती, काम अंगावर आलं होतं, असं काहीबाही पुटपुटला.

"आणि पंप?"

"खिशातच होता त्याच्या. दोनदा ओढला त्यानं."

बायकोने मान वर केली. "मला रोज सांगायचे, आत बसतोय म्हणून," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. अहवाल आजच वर जाईल, असं सांगितलं. तिने डोळे पुसले.

"तुमच्या फोनवरून सासूबाईंना हे सांगाल? ते गेल्यापासून माझा फोन त्या उचलत नाहीत."