जास्तीचे त्र्याहत्तर दिवस

परदेशी नागरिकांच्या कचेरीचा जिना उतरताना माझ्या हातातली फाइल सुटली आणि कागद पार तळमजल्यापर्यंत पसरले. खालून वर येणाऱ्या एका माणसाने ते गोळा केले — एकाच हाताने, कारण दुसऱ्या मनगटाला पट्टा होता. कडा पायरीवर ठोकून सारख्या केल्या आणि म्हणाला, "दोऱ्याची गाठ चुकलीय. सुटणारच होती."

भाषा माझ्या घरातली, या शहरात क्वचितच कानी पडणारी! मी चमकून पाहिलं. डोळे हसरे, चेहरा थकलेला.

"तुम्ही काय, गाठींचे डॉक्टर?"

"पुस्तकं बांधतो. इथल्या ग्रंथालयाची जुनी पुस्तकं दुरुस्त करायला आलो होतो, सहा महिन्यांसाठी." त्याने फाइल माझ्या हातात दिली. "व्हिसा संपून त्र्याहत्तर दिवस झाले... अशांची खिडकी कुठली?"

मी वकील. काकांच्या हाताखाली हीच कामं करते. त्याला तसंच आमच्या ऑफिसात आणलं.

तो शिडीवरून पडला होता. मनगटाची दोन ऑपरेशनं झाली. ग्रंथालयाचे व्यवस्थापक म्हणाले, मुदतवाढीचं आम्ही बघतो.

"बघतो म्हणणारा कधी बघत नसतो," काका चष्मा पुसत म्हणाले. "पकडले गेलात तर हद्दपारी, वर पाच वर्षं इथे यायला बंदी. आपण होऊन कारण सांगितलंत, पुरावे जोडलेत, तर उशीर माफ होऊ शकतो. नाहीच झाला तर अपील. पण लपायचं नाही."

"लपायचं असतं तर जिना कशाला चढलो असतो?"

मग दवाखान्याचे कागद, डॉक्टरांचं पत्र, त्याचा जबाब. जबाब तो डाव्या हाताने लिहायचा, मुंगीच्या पावलांनी. एका ओळीला एक कप चहा. मला घाई नव्हती... त्यालाही नसावी. मी मान खाली घातली की त्याची नजर माझ्यावर यायची. मी वर पाहिलं की खिडकीवर जायची.

एकदा तो निघाला तसे काका म्हणाले, "अगं, इथल्या मुलीशी लग्न केलं तर तो इथेच राहायचा अर्ज करू शकेल. कायद्यात आहे हो!"

दाराबाहेर पावलं थबकली.

दुसऱ्या दिवशी तो जबाबाला बसला, पण पेन उघडेना. "काकांचं बोलणं ऐकलं मी."

"चेष्टा करत होते."

"मला ते चेष्टेत नकोय... आणि व्हिसा वाचवायलाही नकोय. तुमच्या टेबलावर माझी फाइल आहे तोवर मी काही विचारणार नाही."

"आणि फाइल बंद झाल्यावर?"

"मग विचारेन."

त्या दिवशी मी एकाच अर्जावर दोनदा तारीख चुकवली.

निकाल सहा आठवड्यांनी आला. उशीर माफ, बंदी नाही. मात्र पंधरा दिवसांत देश सोडायचा. मी मोठ्याने वाचत होते, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून कागद त्याच्याकडे सरकवला.

"जिंकलो की आपण," तो हळूच म्हणाला.

"हो... जिंकलो."

विमानतळावर काकांनी त्याला निरोप दिला आणि उगाचच वर्तमानपत्र शोधायला गेले.

"फाइल बंद झाली ना?" त्याने विचारलं.

"झाली."

"मग ऐक —" पहिल्यांदाच 'ऐक'. "तू मला आवडतेस. कशासाठी म्हणून नाही. नुसतीच आवडतेस. येशील माझ्या आयुष्यात?"

मी हसले, तरी डोळे भरलेच. "उत्तर इथे नको. इथून निघायला उशीर केलास तर पुन्हा माझ्याच डोक्याला ताप."

"मग कुठे?"

"तुझ्या गावी. माझ्या पायांनी येऊन देईन."

चार महिन्यांनी मी त्याच्या देशातल्या छोट्याशा विमानतळावर, पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंसमोर उभी होते.

"किती दिवस राहणार?"

"एकवीस."

"काम?"

'पर्यटन' अगदी ओठांवर होतं. "एका माणसाला हो म्हणायचंय," मी म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. शिक्का मारला आणि पासपोर्ट सरकवत काचेपलीकडे बोट दाखवलं.

"निळ्या शर्टातला असेल तर लवकर सांगा, बाई. विमान आलं का, म्हणून सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून गेलाय."