ढब्बूचा पहिला घास

तेराव्याला हल्ली कुणी रडत नसे. गोडाचं जेवण उरकलं की घरातल्या प्रत्येकाला 'निःशोक' सुरू व्हायची, रोज सकाळी एक गोळी. मेंदूत आठवणीचे दोन धागे असतात. काय घडलं हा एक, आणि त्यानं काय दुखलं हा दुसरा. निःशोक दुसरा धागा तेवढा दिवसभरापुरता ढिला करी. गेलेला माणूस आठवे, पण आत काही हलत नसे. तक्रार एकच, गोळी कडू जहर.

शालनताई ती गूळ-पोळीच्या घासात दडवून घेत. आणि पहिला घास कुत्र्याचा, हा त्यांच्या यजमानांचा, दिनकररावांचा शिरस्ता. ते गेल्यावरही तो मोडला नव्हता. त्या सकाळी घासात गोळी भरली, म्हातारा ढब्बू पायाशी आला आणि ताईंचा हात आपसूक खाली गेला. ढब्बूनं मिशा चाटल्या तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

"मीठपाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका," जनावरांचे डॉक्टर मुजावर फोनवर म्हणाले. "गोळ्यांचं पाकीट घ्या आणि तडक या."

दवाखान्यात त्यांनी पाकीट वाचलं, ढब्बूचं वजन केलं, छातीला नळी लावली.

"जिवाला धोका नाही, ताई. आत्ता सुई दिली तर ओकून टाकेल. पण याचं हृदय थकलंय. सुईच जड जायची."

"आणि नाही दिली तर?"

"झोपेल, संध्याकाळी ठणठणीत उठेल. फक्त..." डॉक्टर अडखळले. "आपले दोन धागे वेगळे असतात. कुत्र्याचा एकच पीळ. साहेबांचा वास आणि साहेबांची ओढ, त्याला दोन्ही एकच. ओढ सुटली की साहेबच सुटले. आणि कुत्र्यात ते परत येत नाहीत."

शालनताईंनी मनात चाचपून पाहिलं. दात काढताना भूल दिलेल्या गालासारखं सगळं बधिर होतं.

"रोज संध्याकाळी फाटकाशी बसतो हो. स्कूटरची वाट बघत, अन्नाला तोंड लावत नाही. काय पडतंय त्याच्या पदरात? नका देऊ सुई."

"तुमची आजची गोळी यानं खाल्लीय. संध्याकाळी तुम्हाला वेगळं वाटेल."

"वाटू दे. नकोच."

बोलल्या ते रास्तच होतं. पण ते कालच्या गोळीच्या अमलाखाली बोलल्या होत्या.

दिवेलागणीला शेजारच्या कुणाची तरी स्कूटर वाजली. ढब्बूनं कानही हलवला नाही. फाटकाकडे शालनताईंनीच पाहिलं, आणि इतक्या महिन्यांचं तुंबलेलं एकदम आलं. खुंटीवरचा दिनकररावांचा न धुतलेला स्वेटर ओढून त्यांनी ढब्बूच्या नाकाशी धरला.

"ढब्बू, कोण रे हे? सांग ना, कोण?"

पाहुण्याची पिशवी हुंगावी तसा त्यानं तो हुंगला, एकदा शेपूट हलवली आणि वाडग्याकडे वळला.

स्वेटर कवटाळून शालनताई फाटकाशी जाऊन बसल्या. रडू आवरत नव्हतं. पाकीट स्वयंपाकघरातच होतं. त्यातली एक गोळी घेतली की दिनकररावांसाठी झुरणारं जगात कुणी उरणार नव्हतं.

वाडगा चाटूनपुसून ढब्बू दारात आला. ताई तिथे का बसल्यात हे त्याला कळेना. थोडा वेळ त्यांच्याकडे बघून तो आत जाऊन झोपला.