ठकठकराव आणि सागवानी टेबल

"हा रिपोर्ट ज्याने लिहिलाय ना, त्याने जन्मात कधी लाकूड पाहिलंय का?"

विमा कंपनीच्या ऑफिसात झेरॉक्स मशीनपाशी उभं राहून मास्टरने हा प्रश्न विचारला, तो खास कुणाला असा नाही... समोर जो होता त्याला. समोर एक उंच, चष्मेवाला तरुण आपले कागद गोळा करत होता.

"पाहिलंय की," तो म्हणाला. "रोज पाहतो. तो रिपोर्ट मीच लिहिलाय. मी सर्वेअर."

दुसरी एखादी लाजून चूर झाली असती. पण ही मास्टर! कापड बेतण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळी गल्ली तिला मास्टर म्हणायची, अगदी बाबासुद्धा. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बरं झालं, आयतेच सापडलात. तुम्ही आलात तेव्हा दुकानात फक्त बाबा होते. आता माझ्यासमोर ते टेबल परत बघा."

टेबल काही साधंसुधं नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात मान मोडून काम केल्यावर मास्टरने स्वतःचं शिवणाचं दुकान थाटलं होतं आणि त्यात हे लांबरुंद टेबल आणलं होतं. अस्सल सागवान, असं शोरूमवाल्याने शपथेवर सांगितलं. तिथेच बसलेल्या एजंटने त्याचा विमाही उतरवला. मग वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि टेबल भिजलेल्या बिस्किटासारखं फुगलं. कंपनीने हात वर केले. विमा सागवानाचा होता, टेबल लाकडाच्या भुशाचं निघालं आणि बाईंना हे ठाऊक असणारच, म्हणून दावा नामंजूर! तेव्हापासून मास्टर आणि तिच्या दोन कारागीर बायका जमिनीवर वाकून कापड बेतत होत्या. ऑर्डरी रखडत होत्या. असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूप लावून पुन्हा दुसऱ्याच्या मशीनवर बसावं लागलं असतं, आणि ते तिला मरणाहून नकोसं होतं.

सर्वेअर दुकानात आला. वाकून, टेबलाला कान लावून बोटांनी ठकठक करू लागला.

"ऐकलंत? सागवान असं भद्द बोलत नाही." त्याने फुगलेल्या कडेचा पापुद्रा नखाने सोलला. आतून भुसा सांडला.

मास्टरने तो भुसा चिमटीत धरून पाहिला. कापडात तिला फसवणारा अजून जन्माला यायचा होता, आणि लाकडात मात्र... डोळ्यांत आलेलं पाणी तिने झटकन बाहीला पुसलं.

"मनाला लावून घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "वरचा थर इतका बेमालूम बसवलाय, की फुगण्याआधी नुसतं बघून मलाही कळलं नसतं. तेही मी रिपोर्टात लिहिलंय. कंपनीने तेवढ्याकडे डोळेझाक केली."

"मग मी केलेल्या तक्रारीच्या सुनावणीत येऊन सांगाल?"

"सांगेन. पण टेबल सागवानी आहे म्हणून भांडणं सोडा. सरळ म्हणा, मी फसले."

"मी? फसले? ह्या तोंडाने म्हणू?"

"ह्याच तोंडाने. छान आहे ते..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे — स्पष्ट बोलणारं."

त्यानंतर ठकठकराव, हे नाव तिनेच ठेवलं, कधी माप घ्यायला तर कधी फोटो काढायला येऊ लागला. "टेबलाला चारच पाय आहेत ना गं?" बाबा पेपरामागून विचारायचे. "मग हा इतक्या वेळा काय मोजतोय?"

"आज काय राहिलं होतं?" एकदा तिने विचारलं.

"ड्रॉवर."

"ड्रॉवर तर परवाच पाहिलात!"

"हो... पण परवा तुम्ही दुकानात नव्हतात."

मास्टरने मान खाली घातली. तिची कात्री आयुष्यात पहिल्यांदा खडूची रेघ सोडून गेली.

सुनावणीच्या दिवशी टेबलामागे तक्रार निवारण अधिकारी बाई बसल्या होत्या. कंपनीचा वकील तयारीत होता. सर्वेअर साक्षीला उभा राहिला, तसा बाईंनी रिवाजाचा प्रश्न विचारला, "दावेदाराशी काही वैयक्तिक संबंध?" सगळे सर्वेअर 'नाही' म्हणून पुढे सरकतात. याने मात्र चष्मा काढला, पुसला...

"रिपोर्ट लिहिला तेव्हा नव्हता."

"आणि आता?"

"आता... आहे. त्यांना मी काही बोललेलो नाही. पण माझ्या बाजूने — पुरता आहे."

"साक्ष बाद करा!" वकील उसळला. बाईंनी नाइलाजाने होकार दिला.

त्याचा गळा धरावा की त्याच्या गळ्यात पडावं, हेच मास्टरला कळेना. एक 'नाही' म्हणाला असता तर तिचं दुकान वाचलं असतं! पण तिच्यासाठी खोटं बोलणारा उद्या तिच्याशीही खोटं बोललाच असता. हा बोलला नाही. तिच्या छातीत काहीतरी उबदार पसरत गेलं आणि ती ताठ उभी राहिली.

"मॅडम, मी फसले," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "कशी फसले, ते वकीलसाहेबांना विचारा."

एकाच टाक्यावर भरवसा ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने पिशवीतून दोन ड्रॉवर काढले. एक त्या फुगलेल्या टेबलाचा, न भिजलेला आणि दुसरा आईच्या जुन्या शिलाई मशीनचा, खऱ्या सागवानाचा. गिऱ्हाइकापुढे खरं आणि नकली रेशीम ठेवून 'ओळखा' म्हणायची तिला खोडच होती.

"यातला सागवान कोणता, साहेब? मला कळायलाच हवं होतं म्हणता, तर तुम्हाला कळेलच."

वकिलाने दोन्ही उलटेपालटे केले, वास घेतला आणि रुबाबात एकावर बोट ठेवलं. मास्टरने कात्रीच्या टोकाने त्याची कड खरवडली. भुसा भुरुभुरु वकिलाच्या फाइलवर सांडला.

बाईंनी हसू दाबलं. "तुमच्या एजंटला कळलं नाही, तुम्हाला कळलं नाही. मग यांना कसं कळणार? दावा मंजूर करा."

बाहेर व्हरांड्यात ठकठकराव भिंतीला टेकून उभा होता.

"माझ्यामुळे तुमचं दुकान बुडालं असतं," तो म्हणाला.

"असतंच."

"रागावलात?"

"भयंकर! अशी गोष्ट आधी मला सांगायची, की मॅडमना?"

"आज सगळं आटोपलं, की तुम्हालाच सांगणार होतो. पण त्यांनी आधी विचारलं... आणि खोटं बोलवेना."

ती त्याच्या अगदी जवळ गेली.

"ऐक," ती म्हणाली. त्याला अरेतुरे करायची तिची ही पहिलीच वेळ. "मला तू आवडतोस. खूप. आणि हे मी आत्ता जाऊन बाबांना सांगणार आहे. येतोस, की इथेच भिंत धरून बसणार?"

तो आला. जिना उतरताना दोन्ही ड्रॉवर त्याने एकाच बगलेत मारले होते, कारण दुसरा हात तिने धरला होता.